दास्यविमोचन आणि आमचा किनारा

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त काशीद येथील मेळाव्यांत झालेलें भाषण)



ज्युबिलीचा उत्सव म्हणजे उपकारस्मरणाचा उत्सव. अशा प्रसंगीं देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, शाळा कोणीं काढली, हें आपण सांगतों, आणि तें सांगणें योग्यच आहे. परंतु ज्युबिली हा शब्द मुळांत कोठून आला याचा विचार आपण क्वचितच करतों. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा नियम सांगितला आहे. त्या वर्षीं मेंढ्याच्या शिंगाचें रणशिंग फुंकावें, विकलेली जमीन मूळ धन्यास परत मिळावी, आणि दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या घरीं राबणारा बांधव आपल्या मुलांबाळांसह मोकळा होऊन घरीं जावा, असा तो नियम. त्या शिंगाच्या हिब्रू नांवावरूनच आपला हा शब्द झाला. म्हणजे जो शब्द आपण पताकांवर सोनेरी अक्षरांत लिहितों, तो मुळांत बंधमोचनाचा शब्द आहे. त्याच अध्यायांत पुढें परदेशीय दासांना ही सवलत नाहीं असेंही लिहिलें आहे. दया आपल्यापुरती ठेवावयाची, कीं परक्यापर्यंत न्यावयाची, हा प्रश्न तेथेंच उभा राहिला. गुलामगिरीविरुद्ध धर्माच्या नांवानें जे पहिले आवाज उठले, त्यांचा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास आहे. आज आम्ही तोच आपणांसमोर मांडूं इच्छितों.

काशीदच्या किनाऱ्यावर हा विषय दूरदेशचा वाटण्याचें कारण नाहीं. उत्तरेस कोर्लईचा डोंगर, आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचें चौल. दक्षिणेस मुरूड, आणि राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशीं जंजिरा. या दोन ठाण्यांच्या मध्यें आपण आज जमलों आहों, आणि दोन्ही ठाण्यांच्या इतिहासांत आफ्रिकेंतून आणलेल्या माणसांचा वांटा आहे.

हबसाणांतून व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसें धरून आणून हिंदुस्थानांत विकण्याचा व्यापार पोर्तुगीज येण्यापूर्वीं कित्येक शतकें चालू होता. निजामशाही सांवरणारा मलिक अंबर इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियांत जन्मला. लहानपणींच तो विकला गेला, आणि हातोहात बदलत अहमदनगरास पोहोंचला. तेथें त्याला विकत घेणारा चंगीजखान हा निजामशाहीचा पेशवा, आणि तोही पूर्वीं हबशी गुलामच होता. जंजिऱ्याचे सिद्दीही त्याच हबशी समाजांतले. त्यांनीं मराठ्यांना व पोर्तुगीजांना दाद न देतां समुद्रांत राज्य टिकविलें, आणि तें संस्थान इ. स. १९४८ पर्यंत चाललें. यावरून, जो व्यापार गुलामाला सरदार करतो तो व्यापार सौम्य असला पाहिजे, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु मलिक अंबराचें नांव आपणांस ठाऊक आहे, आणि त्याच गलबतांतून त्याच्या शेजारीं बसून आलेल्या मुलांपैकीं एकाचेंही नांव ठाऊक नाहीं, ही गोष्ट विसरूं नये.

आतां चौलाकडे पाहूं. येथें पोर्तुगीजांची सत्ता सोळाव्या शतकाच्या आरंभीं बसली व इ. स. १७४० मध्यें मराठ्यांकडे गेली. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन व येशूसंघी या चारही संघांचे मठ तेथें होते. त्यांचे पडके मनोरे अजून नारळीपोफळींच्या बागांतून डोकावतात. त्या काळच्या पोर्तुगीज वसाहतींत घरकामाचा सारा भार गुलामांवर असे. गोव्याचें वर्णन लिन्स्कोटन या डच प्रवाशानें व पिरार नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें करून ठेविलें आहे. भर रस्त्यांत घोड्यांप्रमाणें माणसांचा लिलाव होई. पालखी वाहणारे, पाणी भरणारे, छत्री धरणारे सारे गुलाम. दासींना मिठाई वा भरतकाम विकण्यास बाहेर पाठवीत आणि संध्याकाळीं पैसे धन्याच्या हातांत पडत. आणि हे दासदासी बहुधा ख्रिस्तीच असत. त्यांचा बाप्तिस्मा झालेला असे, त्यांना संतांचीं नांवें मिळालेलीं असत. ज्या कपाळावर पवित्र पाणी घातलें त्याच कपाळाची किंमत बाजारांत ठरत होती.

इ. स. १७४० मध्यें पोर्तुगीज शिपाई गेले, तरी कोर्लईचे ख्रिस्ती बांधव राहिले, आणि पोर्तुगीजपासून निघालेली त्यांची बोली त्यांच्या घरांत आजतागायत टिकली. अशी बोली साहेबांच्या बैठकींत जन्मत नाहीं. ती स्वयंपाकघरांत, तटावर, अंगणांत, भिन्न भाषांचीं माणसें एकत्र राबतात तेथें जन्मते. त्या राबणाऱ्यांत बंदे किती आणि मोकळे किती, हें आज निवडतां येणार नाहीं. आमच्या पूर्वजांत धनी होते तसे दासही असतील, एवढें मात्र मानणें प्राप्त आहे.

धर्मानें या सर्वांवर काय म्हटलें? पहिल्या शतकांतील ख्रिस्तसभेनें दास्यसंस्था मोडून टाकली नाहीं, हें सरळ कबूल केलें पाहिजे. परंतु ख्रिस्तांत दास व स्वतंत्र असा भेद नाहीं ही संत पौलाची शिकवण, आणि पळून आलेल्या अनेसिमाला दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधु म्हणून स्वीकारण्याविषयीं त्यानें फिलेमोनास केलेली विनंती, हीं दोन बीजें पेरलीं गेलीं. चौथ्या शतकांत निस्सा येथील महागुरु संत ग्रेगरी यांनीं उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन करतांना दास बाळगणाऱ्यास उघड प्रश्न केला कीं, देवाच्या प्रतिमेची किंमत तूं कोणत्या नाण्यांत दिलीस? प्राचीन काळांत दास्यसंस्थेवरच इतका थेट घाव घालणारें दुसरें प्रवचन दाखविणें कठीण. पुढच्या शतकांत आयर्लंडचे संत पॅट्रिक, जे स्वतः तरुणपणीं गुलाम म्हणून धरून नेले गेले होते, त्यांनीं कोरोटिकस नांवाच्या सरदारास निषेधपत्र लिहिलें. त्याच्या शिपायांनीं नवख्रिस्ती स्त्रीपुरुष धरून विकले होते.

मध्ययुग ओलांडून आपण पंधराव्या शतकांत येतों. इ. स. १४३५ मध्यें पोप चौथे यूजीन यांनीं कॅनरी बेटांतील लोकांना गुलाम करणाऱ्या ख्रिश्चनांस फर्मावलें कीं, पंधरा दिवसांच्या आंत सर्वांना मुक्त करा, नाहींतर बहिष्कृत व्हाल. आज्ञा इतकी स्पष्ट होती. परंतु पुढें १४५२ व १४५५ सालीं पोप पांचवे निकोलस यांनीं पोर्तुगालच्या राजास दिलेल्या पत्रांत, मुसलमान व मूर्तिपूजक यांना जिंकून कायमचे दास करण्याचा अधिकार दिला. तुर्कांची भीति, राजाची मर्जी, व्यापाराचा लोभ, कारणें अनेक सांगतां येतील. पण त्या पत्रांच्या आधारानेंच पुढें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गलबतें भरलीं गेलीं. इ. स. १५३७ मध्यें पोप तिसरे पॉल यांनीं पुनः जाहीर केलें कीं, अमेरिकेंतील आदिवासी आणि यापुढें ख्रिश्चनांस माहीत होणारे सर्व लोक, ते ख्रिस्ती नसले तरी, स्वातंत्र्याचे व मालमत्तेचे अधिकारी आहेत. त्यांना गुलाम करतां येणार नाहीं. अधिकाराच्या गादीवरून दोन्ही वचनें निघालीं. व्यापाऱ्यांनीं आपल्या सोयीचें तेवढें ऐकलें.

तेव्हां खरी लढत गादीपेक्षां खालीं, साध्या धर्मगुरूंच्या पायरीवर झाली. इ. स. १५११ च्या आगमनकाळांतील चौथ्या रविवारीं सांतो दोमिंगो येथील गवती छपराच्या देवळांत अंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूंनीं, बेटाचे अधिकारी समोर बसलेले असतां, विचारलें कीं हे आदिवासी माणसें नाहींत काय? मळेवाले संतापले, माफीची मागणी झाली. पुढच्या रविवारीं त्यांनीं तेंच पुनः सांगितलें. तेथील एक मळेवाले धर्मगुरु बार्तोलोमे दे लास कासास पुढें आपले आदिवासी सोडून देऊन त्यांचे कैवारी झाले. त्यांनीं आरंभीं आदिवासींऐवजीं आफ्रिकन गुलाम आणावेत अशी सूचना केली होती. पुढें आफ्रिकनांचें बंधनही तितकेंच अन्यायाचें आहे हें कळल्यावर त्यांनीं आपल्या इतिहासग्रंथांत त्याचा पश्चात्ताप लिहून ठेविला. एकाचें दुःख दुसऱ्याच्या खांद्यावर टाकल्यानें न्याय होत नाहीं, हा त्यांतला धडा.

आपल्या देशांत काय घडलें? संत फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४२ मध्यें गोव्यास उतरले, तेव्हां ते घंटा वाजवीत रस्त्यारस्त्यानें फिरत आणि मुलांबरोबर दासदासींनाही धर्मशिक्षणास बोलावीत. त्यांच्याच संघाचे फादर निकोलो लान्सिलोत्तो यांनीं १५५० सालीं केरळांतील कोल्लम येथून संत इग्नेशियस यांस पत्र लिहिलें. पोर्तुगीज लोक दासींचे तांडे विकत घेतात, त्यांना भ्रष्ट करतात आणि मग विकून टाकतात, असें त्यांनीं आडपडदा न ठेवतां कळविलें. वसाहतींतील आपल्याच माणसांचें पाप वरिष्ठांस लेखी कळविणें ही लहान गोष्ट नव्हती. इ. स. १५६७ मध्यें गोव्यास पहिली प्रांतिक धर्मसभा भरली. मनुष्य न्यायानें दास कधीं ठरतो याची यादी तिनें केली: दासीच्या पोटीं जन्मलेला, न्याय्य युद्धांत पकडलेला, स्वतःला विकणारा, अत्यंत विपत्तींत बापानें विकलेला, किंवा त्या देशाच्या न्याय्य कायद्यानें दास झालेला. यांखेरीज मिळविलेला मनुष्य दास म्हणून ठेवणें हा अन्याय. इ. स. १५७० मध्यें पोर्तुगालच्या सेबॅस्टियन राजानें जपानी लोकांस गुलाम करण्यास मनाई केली, तिच्यामागेंही जपानांतील येशूसंघी धर्मगुरूंचा आग्रह होता.

ही यादी आज वाचतांना मन थबकतें. तिच्यामुळें कांहीं लोक सुटले असतील. पण दार बंद करण्याऐवजीं तिनें दाराला पांच फटी ठेविल्या. झांबेझीच्या कांठीं पकडलेला मुलगा न्याय्य युद्धांत पकडला होता कीं रात्रीं धाड घालून, हें गोव्याच्या बाजारांत कोण विचारणार? विकणारा शपथ घेई, घेणारा ती मानी. आणि आणखी एक गोष्ट सांगणें भाग आहे. गोव्यांतील मठांत व विद्यालयांत स्वतःचे गुलाम होते. सांता मोनिकेच्या मठांतील भगिनींच्या सेवेसही दासी होत्या. ज्यांच्या घरीं दास आहेत त्यांचा दास्यावरील उपदेश मिळमिळीत होणारच.

तरी फटींकडे बोट दाखविणारे निघाले. स्पेनचे डोमिनिकन तोमास दे मेर्कादो यांनीं १५६९ सालीं व्यापारनीतीवर ग्रंथ लिहिला. आफ्रिकेंतील गुलामांचा व्यापार कपटानें व बलात्कारानें इतका भरला आहे कीं, सज्जनानें त्यांत पडूं नये, असें त्यांनीं व्यापाऱ्यांनाच बजावलें. कार्ताखेनाच्या बंदरांत १६५४ सालीं मरण पावलेले संत पीटर क्लेव्हर हे अनेक वर्षें गुलाम-गलबतांवर अन्नपाणी व औषध घेऊन उतरत राहिले. मी आफ्रिकनांचा जन्माचा दास, अशी त्यांनीं शपथ घेतली होती. त्यांनीं व्यापार थांबविला नाहीं, तो त्यांच्या हातचा नव्हता. पण ज्याला जग माल म्हणत होतें त्याला त्यांनीं मनुष्य म्हणून हात लाविला.

याहून पुढें गेले ते दोन कापुचिन धर्मगुरु, फ्रान्सिस्को होसे दे हाका व एपिफानियो दे मोइरां. इ. स. १६८१ च्या सुमारास हवाना येथें त्यांनीं मळेवाल्यांस सांगितलें कीं, गुलामांस सोडा आणि त्यांच्या श्रमाची भरपाई करा, नाहींतर पापमुक्ति मिळणार नाहीं. दोघांना अटक होऊन स्पेनला पाठविण्यांत आलें. त्याच सुमारास आफ्रिकन वंशाचे लोरेन्सो द सिल्वा दे मेंदोंसा हे लिस्बन, माद्रिद करीत रोमपर्यंत गेले आणि कृष्णवर्णी ख्रिस्ती बंधुसंघांच्या वतीनें त्यांनीं पोप अकरावे इनोसंट यांच्यापुढें अर्ज ठेविला. आपण ख्रिस्ती आहों, तरी आपणांस व आपल्या मुलांस पिढ्यान्पिढ्या दास ठेवतात, हें कोणत्या धर्माचें? २० मार्च १६८६ रोजीं रोममधील पवित्र कार्यालयानें उत्तर दिलें: निरपराध लोकांना बळानें वा कपटानें पकडणें, विकणें, विकत घेणें अयोग्य आहे, घेणाऱ्यानें चौकशी केली पाहिजे, अन्यायानें दास केलेल्यांना सोडून भरपाई दिली पाहिजे. बंधुभगिनींनो, ही मागणी खुद्द बंदिवानांच्या जातभाईंनीं केली, आणि धर्मपीठानें ती रास्त म्हटली. परंतु राजांनीं व मळेवाल्यांनीं ती पाळली नाहीं, आणि धर्मपीठानें ती पाळावयास लाविली नाहीं. निवाडा कागदावर राहिला.

सत्य एकाच मठांत कोंडून राहत नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. श्रीशिवाजी महाराजांनीं १६७७ सालीं कर्नाटकांतील डच व्यापाऱ्यांस दिलेल्या कौलांत स्पष्ट अट घातली कीं, आमची सत्ता आहे तोंवर या मुलुखांत स्त्रीपुरुष गुलाम विकत घेऊं नयेत व समुद्रावाटे नेऊं नयेत. अकरा वर्षांनीं, १६८८ मध्यें, अमेरिकेंतील जर्मनटाउन येथील चौघां क्वेकर गृहस्थांनीं गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. तोही प्रथम बाजूला पडला. पण त्याच पंथानें पुढें आपल्या सभासदांना गुलाम सोडावयास लाविलें, आणि त्यांच्याच चळवळींतून १८०७ चा इंग्रज कायदा निघून गुलामांचा व्यापार बंद झाला. आपल्याकडे पेशवाईंत कुणबिणी व बटकी विकल्या जात होत्या, हेंही विसरूं नये. हें पाप एका धर्माचें वा एका देशाचें नव्हतें.

इंग्रजांच्या १८३३ च्या मुक्तीच्या कायद्यांतून कंपनीचा हिंदुस्थान वगळला होता. येथें १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामावरील हक्क न्यायालयांत चालेनासा झाला. त्यानंतर अरबी गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें मुंबई इलाख्यांत आणलीं जात, आणि त्यांतील कांहींना नाशिकजवळ शरणपूर येथें चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमांत ठेवीत. तेथें तीं अक्षरें शिकलीं, सुतारकी व लोहारकी शिकलीं. त्यांतलाच एक जेकब वेनराइट हा डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शवाबरोबर १८७४ सालीं लंडनपर्यंत गेला. अनेक जण मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठीं वसविलेल्या फ्रेअर टाउन गांवीं शिक्षक व उपदेशक म्हणून परतले. गोदातीरीं वाढलेल्या मुलांनीं आपल्या मातृभूमींतील बंदिवानांची सेवा करावी, हा योग आम्हां मराठी लोकांस अभिमानाचा आहे. झांझिबारचा गुलामबाजार १८७३ सालीं बंद झाला. आणि त्याच वर्षीं पुण्यांत जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ छापून, अमेरिकेंतील गुलामांना मोकळें करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला.

आपल्या धर्मपीठाकडून निःसंदिग्ध शब्द आला तो ३ डिसेंबर १८३९ रोजीं. पोप सोळावे ग्रेगरी यांनीं आफ्रिकनांचा व्यापार ख्रिस्ती नांवास कलंक ठरवून सर्वांस निषिद्ध केला. पोर्तुगालनें आपल्या मुलुखांतील गुलामगिरी १८६९ सालीं रद्द केली. पोप तेरावे लिओ यांनीं १८८८ मध्यें ब्राझीलच्या महागुरूंस पत्र लिहून मुक्तीचें स्वागत केलें, आणि त्याच वर्षीं पीटर क्लेव्हर यांना संतपद दिलें. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९२ मध्यें सेनेगलच्या गोरे बेटावर, जेथून गुलाम चढविले जात तेथें उभें राहून, ख्रिस्ती लोकांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली. इ. स. २०२३ मध्यें व्हॅटिकननें जाहीर केलें कीं, पंधराव्या शतकांतील तीं पत्रें ख्रिस्तसभेच्या श्रद्धेचा भाग कधींच नव्हतीं. पांचशेंहून अधिक वर्षें लागलीं.

एवढा काळ कां लागला? आमच्या मतें कारणें तीन. पहिलें, नियमाला फटी ठेविल्या. 'न्याय्य दास' ही कल्पना जिवंत राहिली. दुसरें, उपदेश करणाऱ्यांच्या घरांतच दास होते. तिसरें, ज्यांचें दुःख त्यांचें म्हणणें विचारलें गेलें नाहीं, आणि लोरेन्सोनें तें रोमच्या दारांत नेऊन ठेविलें तेव्हां तें ऐकूनही बाजूस ठेविलें. हीं तीन कारणें आजही शिल्लक आहेत. आपल्या या रायगड जिल्ह्यांत कातकरी बांधव पावसाळ्यांत पोटासाठीं उचल घेतात आणि ती फेडण्यासाठीं मुलांबाळांसह वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जातात. हिशेब मुकादमाच्या वहींत राहतो आणि कर्ज संपत नाहीं. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें वेठबिगार निषिद्ध आहे, आणि १९७६ च्या कायद्यानें असें कर्ज रद्द ठरलें आहे. तरी कायद्याचा निवाडाही १६८६ च्या निवाड्याप्रमाणें कागदावर राहूं शकतो. आपलें नवें घर ज्या विटांनीं बांधलें त्या कोणीं थापल्या, घरकामाच्या मुलीस शाळेंत पाठवितों काय, तिचा पगार तिच्याच हातांत पडतो काय, हे प्रश्न गोव्याच्या त्या जुन्या खरेदीदारांस कोणीं विचारले नाहींत. आपण ते स्वतःस विचारावे.

म्हणून या ज्युबिलीनिमित्त आम्ही दोन विनंत्या करतों. पहिली अशी: २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनीं, आपल्या कुटुंबांतील मृतांबरोबर, या किनाऱ्यावर विकल्या गेलेल्या त्या निनांवी बांधवांसाठींही एक मिस्सा अर्पण व्हावी. त्यांचा बाप्तिस्मा आपल्याच ख्रिस्तसभेनें केला. त्यांच्यासाठीं प्रार्थना करणारें घर त्यांना उरलें नाहीं, तें आपलें घर होवो. दुसरी अशी: आपल्या आसपासच्या एखाद्या कातकरी वाडीवर जाऊन कोणावर किती उचल आहे याची चौकशी करावी, आणि कायद्यानें सुटूं शकणाऱ्या एका तरी कुटुंबाचा अर्ज तहसील कचेरींत पोंचवावा. काम लहान आहे. परंतु पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकल्यावर जो बांधव मोकळा होऊन घरीं जात असे, तो एकेकटाच जात असे.

परमेश्वर हें कार्य करण्याची बुद्धि व बळ आपणां सर्वांस देवो.